सेलेनियममध्ये कुकीज परत भरूनही लॉगिनचे पान का येते?

तुम्ही पायथन आणि सेलेनियम (ब्राउझर कोडमधून चालवणारे साधन) वापरून एकदा लॉगिन करता, सगळ्या कुकीज (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) फाइलमध्ये साठवता, पुढच्या वेळी त्या परत भरता आणि तरीही संकेतस्थळ लॉगिनचेच पान दाखवते, असा तुमचा प्रश्न आहे. शिवाय लोकल स्टोरेजही (संकेतस्थळाची ब्राउझरमधली दुसरी साठवण) असेच जपून ठेवता येते का, हेही तुम्ही विचारले आहे. मी वेब ॲप्लिकेशनच्या स्वयंचलित चाचण्या लिहिण्याचे काम करतो. माझ्या अनुभवात ही अडचण बहुतेक वेळा कुकी भरण्याच्या कोडमुळे येत नाही, तर ते संकेतस्थळ तुमची ओळख नेमकी कुठे ठेवते हे आधी न पाहिल्यामुळे येते.

म्हणून प्रथम हाताने लॉगिन करा, क्रोमच्या डेव्हटूल्समधला (विकसकांसाठीच्या साधनांमधला) ‘ॲप्लिकेशन’ हा टॅब उघडा आणि तिथली एकेक नोंद काढून पान रिफ्रेश करत जा. जी नोंद काढल्यावर लॉगिनचे पान येते, ती तुम्हाला जपायची आहे. सर्व्हरवर सेशन (म्हणजे तुमच्या लॉगिनची नोंद) ठेवणाऱ्या संकेतस्थळांत ती बहुधा एचटीटीपी-ओन्ली असलेली एक कुकी असते. पानावरच्या जावास्क्रिप्टला ती दिसत नाही, पण सेलेनियमच्या ‘गेट कुकीज’मधून ती मिळते. रिॲक्ट किंवा अँग्युलर या जावास्क्रिप्ट साधनांनी लिहिलेली अनेक ॲप्लिकेशन्स टोकन (तुमची ओळख पटवणारी अक्षरमाला) लोकल स्टोरेजमध्ये ठेवतात, आणि अशा ठिकाणी तुम्ही कितीही काळजीपूर्वक कुकीज भरल्यात तरी उपयोग होत नाही. काही जण सेशन स्टोरेज वापरतात, जे टॅब बंद होताच संपते. आणि फायरबेसचे (गूगलच्या ॲप-सेवेचे) लॉगिन असेल तर ते वेबवर सहसा इंडेक्स्डडीबीमध्ये (ब्राउझरमधल्या डेटाबेसमध्ये) असते.

कुकीजच्या बाबतीत सेलेनियमची अट अशी की, ज्या डोमेनच्या पानावर तुम्ही त्या क्षणी आहात त्याच डोमेनची कुकी भरता येते. ब्राउझर नुकताच उघडून रिकाम्या टॅबवर कुकी भरायला गेलात, तर डोमेन अवैध असल्याची त्रुटी येते. वाचतानाही हीच मर्यादा आहे: ‘गेट कुकीज’ फक्त चालू पानाला लागू होणाऱ्या कुकीज देते, त्यामुळे लॉगिन वेगळ्या सबडोमेनवर होत असेल तर तिथली कुकी तुमच्या फाइलमध्ये आलेलीच नसते. अशा वेळी त्या सबडोमेनवर जाऊन वेगळी नोंद घ्यावी लागते.

लोकल स्टोरेजसाठी सेलेनियममध्ये ‘एक्झिक्यूट स्क्रिप्ट’ वापरून जावास्क्रिप्ट चालवणे हाच सरळ मार्ग आहे. लॉगिननंतर संपूर्ण लोकल स्टोरेज जेसनच्या (डेटा मजकुरात लिहिण्याच्या एका पद्धतीच्या) रूपात वाचून घ्या, आणि परत भरताना प्रत्येक किल्ली व तिची किंमत स्क्रिप्टच्या मजकुरात जोडू नका, तर स्क्रिप्टला आर्ग्युमेंट म्हणून द्या. टोकनच्या किमतीत अनेकदा दुहेरी अवतरणचिन्हे असतात आणि मजकुरात जोडल्यास स्क्रिप्ट तिथेच तुटते. लोकल स्टोरेजमध्ये फक्त स्ट्रिंग (साधा मजकूर) राहते, त्यामुळे वाचलेली किंमत वाटेत पायथनच्या डिक्शनरीत (किल्ली-किंमत जोड्यांच्या संचात) न बदलता जशीच्या तशी परत ठेवावी.

आता क्रमाचा मुद्दा, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तुम्ही मुख्य पान उघडून मग टोकन भरत असाल, तर तुमची ओळ चालण्यापूर्वीच ॲप्लिकेशनची स्क्रिप्ट चालते, तिला टोकन सापडत नाही आणि ती तुम्हाला लॉगिनकडे पाठवून मोकळी होते. यावर मी वापरतो तो उपाय असा: आधी त्याच संकेतस्थळाची रोबोट्स डॉट टीएक्सटी ही साधी मजकूर-फाइल उघडायची. तिचा ओरिजिन तोच असतो, पण तिथे ॲप्लिकेशनची कोणतीही स्क्रिप्ट नसते. तिथेच कुकीज आणि लोकल स्टोरेज दोन्ही भरायचे आणि त्यानंतर मुख्य पानावर जायचे. ओरिजिन म्हणजे प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट हे तिन्ही मिळून. म्हणून लोकलहोस्टच्या 3000 पोर्टवर साठवलेले लोकल स्टोरेज 8080 वर दिसत नाही. कुकी मात्र पोर्ट पाहत नाही, आणि याच फरकामुळे कुकीज बरोबर दिसत असूनही ॲप्लिकेशन तुम्हाला ओळखत नाही, अशी स्थिती येते.

प्रकल्प नव्याने सुरू होत असेल तर मी प्लेराइट (सेलेनियमसारखेच दुसरे साधन) सुचवीन. त्यातील ‘स्टोरेज स्टेट’ ही सोय सर्व डोमेनच्या कुकीज आणि प्रत्येक ओरिजिनचे लोकल स्टोरेज एकाच जेसन फाइलमध्ये लिहिते, आणि नवा कॉन्टेक्स्ट (ब्राउझरचे स्वतंत्र, कोरे सत्र) तयार करताना ती फाइल दिली की पान उघडण्याआधीच सर्व काही जागेवर असते. 1.51 या आवृत्तीपासून इंडेक्स्डडीबीही त्यात घेता येते, मात्र तो पर्याय मागावा लागतो. सेशन स्टोरेज त्यात येत नाही. ते वेगळे साठवून, पानाच्या आधी चालणाऱ्या इनिट स्क्रिप्टमधून भरावे लागते. तरीही, केवळ एवढ्यासाठी चालू असलेल्या सेलेनियमच्या चाचण्या बदलू नयेत, असे माझे मत आहे.

साठवण्यासाठी पिकल (पायथनची डेटा साठवण्याची स्वतःची पद्धत) वापरू नका, जेसन वापरा. पिकलची फाइल उघडताना तिच्यात दडलेला कोणताही कोड चालू शकतो. लॉगिन साठवलेली तुमची फाइल ज्याच्या हाती लागेल तो पासवर्डशिवाय तुमच्या खात्यात शिरू शकतो, म्हणून तिचे नाव पहिल्याच दिवशी गिटइग्नोरमध्ये (गिटने कोडसोबत न साठवायच्या फाइलींच्या यादीत) टाका.

एवढे सगळे बरोबर असूनही काही वेळाने लॉगिनचे पान येऊ लागले, तर कारण सर्व्हरकडे शोधा. कुकीवरची मुदत दूरची असली तरी सर्व्हर त्याचे सेशन केव्हाही बंद करू शकतो. विशेषतः तुमच्या एखाद्या चाचणीत ‘लॉगआउट’ दाबले जात असेल, तर सर्व्हर ते सेशन रद्द करतो आणि तीच साठवलेली फाइल वापरणाऱ्या बाकीच्या सर्व चाचण्या एकदम अडतात. लॉगआउटच्या चाचणीला साठवलेली फाइल देऊच नका. तिला स्वतःचे ताजे लॉगिन करू द्या.