पुलाखालची पालं आणि सोसायटीची तक्रार

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोर उड्डाणपुलाखाली काही कुटुंबं पालं ठोकून राहतात. पदपथ अडतो, म्हणून सचिव या नात्याने मी महापालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार केली. एका सकाळी अतिक्रमणाची गाडी आली आणि पालांसोबत भांडी, अंथरुणं, एका मुलीचं दप्तरही घेऊन गेली. तक्रारीवर ‘निकाली’ असा शेरा पडला. कुटुंबं आठवड्याच्या आत परत आली. सभासद पुन्हा तक्रार करा म्हणतात. मला सही करवत नाही. झालं ते कायदेशीर होतं का? माझ्यावर काही जबाबदारी येते का?

उत्तर : खरी तक्रार केली म्हणून तुमच्यावर जबाबदारी येत नाही. कारवाई कशी करायची हे पालिका ठरवते आणि त्याचा जाबही तिनेच द्यायचा असतो.

पालिकेची कारवाई मात्र मला योग्य वाटत नाही. मुंबईखेरीज राज्यातल्या महापालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 231 नुसार रस्त्यावरचं अतिक्रमण नोटीस न देताही हटवता येतं. अधिकारी याच कलमावर बोट ठेवतील. पण मुंबईच्या कायद्यातलं असंच कलम 314 पदपथावर राहणाऱ्यांबद्दलच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. 1985 च्या त्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, की पदपथ बळकावून राहण्याचा हक्क कोणालाच नाही. पण उपजीविकेचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्कातच येतो. नोटीस टाळण्याची मुभा अपवादापुरती आहे, एरवी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायलाच हवं. ऐन पावसाळ्यात हाल नकोत म्हणून न्यायालयाने तेव्हा 31 ऑक्टोबरपर्यंत कारवाईही थांबवली होती.

मला सर्वांत जास्त खटकलं ते दप्तर. पालाला अतिक्रमण म्हणता येईल. दप्तर आणि अंथरूण ही त्या माणसांची मालमत्ता आहे, आणि कायद्याच्या आधाराशिवाय ती हिरावून घेता येत नाही, असं अनुच्छेद 300-अ सांगतो. अशा गाठोड्यांतच बहुतेकदा आधार कार्ड, रेशन कार्ड, जातीचा दाखला असतो. ते गेलं की पुढची सगळी दारं बंद होतात. म्हणून हे काम आधी करा. त्यांच्यापैकी कुणाला तरी सोबत घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जा. पंचनाम्याची प्रत मागा, सामान कोणत्या गोदामात आहे ते विचारा आणि वस्तूंची यादी जोडून परत मिळण्याचा अर्ज द्या. अर्ज त्यांच्या सहीचा किंवा अंगठ्याचा हवा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. टाळाटाळ झाली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.

आता नव्या तक्रारीबद्दल. फक्त ‘अतिक्रमण हटवा’ म्हटलं की गाडीच येणार. त्याऐवजी आयुक्तांना पत्र लिहा, प्रत समाजविकास विभागाला द्या. पदपथ किती अडतो, कचरा उचलला जातो का, जवळ शौचालय आहे का, हे जसं दिसतं तसं लिहा. कुटुंबांचं सर्वेक्षण, आधी नोटीस आणि निवारा केंद्रात जागा, असं तिन्ही मागा. ‘हे लोक चोऱ्या करतात’ असं पुराव्याशिवाय एक ओळही लिहू नका. त्या ओळीबद्दल मात्र सही करणाऱ्याला जाब द्यावा लागू शकतो. सभेला तसाच मजकूर हवा असेल तर तुमचा विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या.

पत्रासोबत माहिती अधिकाराचा अर्जही टाका. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर बेघरांची सोय असावी, असं प्रमाण घालून दिलं होतं. तुमच्या शहरात किती निवारे आहेत, त्यांत खाटा किती, आणि नवरा-बायको-मुलांना एकत्र राहता येईल असे किती, हे विचारा. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण बाप एकीकडे आणि आई-मुलं दुसरीकडे अशी सोय असेल तर कुटुंब पुन्हा पुलाखालीच येतं. उत्तर 30 दिवसांत यायला हवं; नाही आलं तर पहिलं अपील करा.