सही केली म्हणून पैसे बुडाले असं नाही

कळव्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील ६१ वर्षांचे, लिव्हर सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं), पोटात पाणी भरतं. नवी मुंबईतल्या एका क्लिनिकने स्टेम सेलचे (मूळ पेशींचे) तीन डोस सांगून साडेचार लाख घेतले, दुसऱ्या डोसनंतर इन्फेक्शन होऊन बाबा आठ दिवस आयसीयूत. आता क्लिनिक म्हणतं तिसरा डोस घ्या, पैसे परत मिळणार नाहीत, फॉर्मवर तुमचीच सही आहे.

ताई, पैशांचं नंतर बघू, आधी तिसरा डोस थांबवा आणि बाबांना लिव्हरच्या डॉक्टरांकडे न्या. मी वकील, डॉक्टर नाही, पण अशा केसेससाठी वाचावं लागतं. ब्रिटनमध्ये ८१ सिरॉसिस पेशंटवर स्टेम सेलची ट्रायल झाली, २०१८ मध्ये रिझल्ट आले, लिव्हर काही सुधारलं नाही, उलट नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा गंभीर त्रास स्टेम सेलच्या उपचारवाल्यांनाच जास्त झाला.

आता तुम्ही पाठवलेला फॉर्म. वर 'ट्रीटमेंट' आणि खाली बारीक अक्षरात 'प्रायोगिक स्वरूपाची', इथेच ते अडकतात बघा. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची केंद्र सरकारी संस्था, तिच्या २०१७ च्या गाईडलाइन्सप्रमाणे रक्ताच्या काही आजारांतला बोन मॅरो ट्रान्सप्लांट वगैरे सोडला तर स्टेम सेल फक्त परवानगी घेतलेल्या ट्रायलमध्येच द्यायच्या, आणि ट्रायल असेल तर पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे ट्रायल म्हटलं तर साडेचार लाख कशाचे, आणि ट्रीटमेंट म्हटलं तर मान्यता कुठाय? धोका नीट न सांगता घेतलेली सही त्यांना वाचवत नाही, समिरा कोहली केसमध्ये २००८ ला सुप्रीम कोर्टाने संमतीबद्दल हे स्पष्ट केलंय.

उद्याच लेखी अर्ज देऊन केसपेपर मागा आणि अर्जाची पोच घ्या, ७२ तासांत द्यावे लागतात. त्यांचे व्हॉट्सअॅप मेसेज, विशेषतः 'शंभर टक्के रिझल्ट' वाला, डिलीट करू नका, फोनसुद्धा बदलू नका. पावती फक्त सव्वादोन लाखांची आणि तीही 'वेलनेस पॅकेज' नावाने, हे वाचून मला हसू आलं खरं, पण बाकीची कॅश कुठून काढली त्याचं बँक स्टेटमेंट काढून ठेवा.

तुम्ही ठाण्यात राहता म्हणून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगातच केस टाकता येते, दोन वर्षांची मुदत, पाच लाखांपर्यंत फी शून्य. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार वेगळी. पोलिसांत लगेच धावू नका, निष्काळजीपणाच्या गुन्ह्यासाठी आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं, त्यात महिने जातात.

आयसीयूचं डिस्चार्ज कार्ड तेवढं आजच फोटो काढून पाठवा.