पांढऱ्या रक्ताचा मासा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: अंटार्क्टिकातल्या आइसफिशच्या रक्तात हिमोग्लोबिन नसतं म्हणे. मग तो जगतो कसा?

उत्तर: खरंच नसतं. त्याचे कल्ले उघडून पाहिले तर लालभडक नव्हे, सायीसारखे फिके दिसतात. नॉर्वेचे जीवशास्त्रज्ञ योहान रूद यांनी १९५४ साली हे सिद्ध केलं. प्राणवायू नुसता रक्तद्रवात विरघळून फिरतो. थंडगार सोड्यात वायू टिकतो, कोमट झाला की उडतो, तसंच समुद्राचं. पाणी इतकं गार, की प्राणवायू भरपूर. तरी कसर भरून काढायला हृदय मोठं, केशवाहिन्या रुंद आणि रक्त तांबड्या रक्ताच्या भाऊबंदांच्या कैक पट लागतं. याला निसर्गाची किमया म्हणायची पद्धत आहे. मला तर हा तोटाच वाटतो. जनुक हरवलं, थंडीने सांभाळून घेतलं, आणि जादा राबणं हृदयाच्या वाट्याला आलं.

प्रश्न: पण उणे तापमानात तो गोठत कसा नाही?

उत्तर: त्याचा पांढऱ्या रक्ताशी संबंध नाही. तिथले तांबड्या रक्ताचे नातेवाईकही गोठत नाहीत. समुद्राचं पाणी उणे १.९ अंशांना गोठतं, साध्या माशाचं रक्त त्याच्या आधीच. यांच्या रक्तातली खास प्रथिनं अंगात शिरलेल्या बर्फाच्या कणाला चिकटतात आणि त्याला वाढू देत नाहीत.

प्रश्न: समुद्रतळाशी त्यांची कोट्यवधी घरटी सापडली, ही बातमी खरी का?

उत्तर: खरी. फेब्रुवारी २०२१मध्ये अंटार्क्टिकालगतच्या वेडेल समुद्रात ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजाने तळालगत कॅमेरा ओढत नेला, तर खळग्यांमागून खळगे. प्रत्येक पाऊण मीटर रुंद, वीतभरापेक्षा कमी खोल, बुडाशी बारीक खडे, आत सतराशेच्या आसपास अंडी आणि बहुतेकांवर एकच मासा राखणीला. मोजलेली घरटी सोळा हजारांवर. सहा कोटी हा २४० चौरस किलोमीटरचा अंदाज आहे, हे बातम्यांत गाळलं जातं.

प्रश्न: पाणी तापलं तर यांचं काय?

उत्तर: प्राणवायू कमी पडेल, आणि हाताशी राखीव काही नाही. मात्र यांचाच एक भाऊबंद दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, पॅटागोनियाच्या जरा उबदार पाण्यात राहतो. तिथे गोठण्याची भीती नाही, त्यामुळे त्याची बर्फरोधक जनुकं मोडकळीला आली आहेत. गेलेलं हिमोग्लोबिन मात्र त्यालाही परत मिळालेलं नाही.