पिकअपच्या डॅशला तडा: भरण्याआधी त्याला ओढतंय काय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरकडची जुनी पिकअप, आंब्याच्या दिवसांत पेट्या आणि एरवी चिरे वाहते. डॅशबोर्डला काचेच्या बाजूने, डावीकडे हातभर तडा गेलाय. मळून लावायची इपॉक्सी भरली होती, ती पावसाळ्यात सुटून आली. आता रेक्झिन चढवावं की दुसरा डॅश आणावा?

दोन्हीआधी डॅश खाली उतरवा. इपॉक्सी सुटली याचा अर्थ ती खराब होती असं नाही. तडा अजून हलतोय आणि कडक झालेली इपॉक्सी हलत नाही, म्हणून ती सुटणारच. हलणं थांबवल्याशिवाय वर काहीही लावलंत तरी पुढच्या मे महिन्यात तीच रेघ परत दिसेल.

हलतो कशाने? पहिलं कारण उष्णता. बंद केबिन उन्हात उभी असली की डॅशचा वरचा भाग ७० अंशांच्या आसपास सहज जातो. सव्वा मीटरचा प्लास्टिकचा डॅश पहाटेच्या २५ अंशांवरून तिथपर्यंत तापला तर लांबीत चार-साडेचार मिलिमीटर वाढतो. मागचा पत्रा तेवढाच तापला तरी जेमतेम पाऊण मिलिमीटर वाढेल. ही तफावत सामावून घ्यायला कंपनीने कडेची स्क्रूची भोकं लांबट ठेवलेली असतात. मग कधीतरी वायरिंगवाला डॅश उघडतो, बसवताना मूळ स्क्रू सापडत नाही, म्हणून जाडा स्क्रू दाबून पिळतो. त्या क्षणी डॅशची हालचाल बंद. तडा जातो तो त्या स्क्रूपासून किंवा काचेवर हवा सोडणाऱ्या फटीच्या कोपऱ्यापासून. तुमचा तडा कुठून सुरू झालाय ते नीट बघा, बहुतेक यातलंच एक निघेल.

दुसरं कारण आपल्या किनाऱ्याचं, आणि मला तुमच्या गाडीत याचाच जास्त संशय आहे, कारण तडा काचेच्या कोपऱ्याजवळ आहे. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की खालच्या कोपऱ्यातून पाणी आत झिरपतं. खाऱ्या हवेत तिथला पत्रा आणि डॅशची ब्रॅकेट गंजून पोकळ होते. मग एका बाजूला डॅशला आधारच राहत नाही. त्यात चिऱ्यांचा लोड आणि खाणीचा रस्ता. तपासायला सोपं आहे: एकाने बाहेरून काचेच्या वरच्या कडेला पाइप धरायचा, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन कोपऱ्यात वर्तमानपत्राची घडी लावून बसायचं. कागद भिजला तर आधी रबर आणि पत्रा, डॅश नंतर. गंजलेली ब्रॅकेट मेस्त्रीकडून वेल्डिंग करून घ्या आणि रेड ऑक्साइड मारा. केबिनमध्ये वेल्डिंग करताना बॅटरी सोडलेली हवी, आणि वायरिंग व छताचं कापड बाजूला घेतलेलं हवं. हे पुन्हा सांगायला लागू नये, पण लागतं.

उतरवताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. प्रत्येक कनेक्टरचे फोटो घ्या. जुन्या गाड्यांत मीटरला मागून केबल येते, ती सोडल्याशिवाय डॅश ओढू नका. स्क्रू अ‍ॅशट्रेच्या मागे, ग्लोव्हबॉक्सच्या आत आणि मीटरच्या टोपीखाली लपलेले असतात. कुठे अडकला तर जोर न लावता राहिलेला स्क्रू शोधा. डॅश बाहेर आल्यावर फ्यूजबॉक्सचे हिरवे पडलेले पॉइंट आणि अर्थिंगची जागा घासून व्हॅसलीन लावून घ्या. हे काम परत कोण काढणार?

आता प्लास्टिक कुठलं ते ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मागच्या बाजूला छाप असतो: एबीएस किंवा पीपी. छाप नसेल तर आतल्या कडेचा नखाएवढा तुकडा पाण्यात टाका. तरंगला तर पीपी धरा. बुडाला तर मागच्या बाजूला अ‍ॅसिटोनचा थेंब टाका. जागा चिकट झाली तर एबीएस. वर मऊ कातडं आणि आत पिवळा फोम असेल तर प्रकार वेगळा, त्याचं खाली लिहितो.

एबीएस असेल तर नशीब चांगलं. डॅशच्याच न दिसणाऱ्या कडेचे किंवा एबीएस छाप असलेल्या स्कूटरच्या मोडक्या पॅनेलचे तुकडे काचेच्या बाटलीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवा. काकवीइतकं दाट झालं की तयार. तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. वरून व्हीच्या आकाराची खाच काढा, मागून तड्याच्या दोन्ही बाजू खरवडून घ्या. मागे चहाच्या स्टीलच्या गाळणीची जाळी कापून ठेवा आणि तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिकमध्ये दाबून बसवा. खरी ताकद या जाळीत आहे, वरचं सारण फक्त दिसण्यापुरतं. मग वरून पातळ थरांत ते द्रावण भरा. सुकताना ते आत बसतं, म्हणून थोडं फुगवून भरा आणि एका थरावर दुसरा थर घाई न करता द्या. पूर्ण दिवस सुकू द्या. हे सगळं खळ्यात, उघड्यावर. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतं आणि वितळत्या प्लास्टिकचा धूर छातीला वाईट.

पीपीवर अ‍ॅसिटोन काहीच करत नाही, आणि झटपट चिकटणारा गोंदही त्याच्या खास प्रायमरशिवाय धरत नाही. तिथे सोल्डरिंग आयर्न आणि पीपीचीच पट्टी: मागे जाळी तशीच, वर पट्टी वितळवून खाचेत भरायची. काळी करपली तर उष्णता जास्त झाली. ग्लू गनचा मोह होतो, पण ती कांडी मे महिन्यातल्या डॅशवर मऊ पडते.

फोमवाल्या डॅशमध्ये वरचं व्हिनाइल मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षांच्या उन्हात उडून जातं. ते आकसतं आणि फाटतं, कडा वर उचलल्या जातात. त्या कडा परत खाली चिकटवू नका, धारदार पात्याने कापून टाका. भुगा झालेला फोम काढा, लवचिक फिलरने भरा आणि वर रेक्झिन चढवा. रेक्झिन खरं याच प्रकाराला शोभतं. कडक प्लास्टिकवर, मागे आधार न देता चढवलं तर ते फक्त तडा झाकतं. सीटकव्हरवाल्याला उष्णता सोसणारा गोंद वापरायला सांगा. नेहमीचं पिवळं सोल्यूशन काचेखालच्या उन्हात सुटतं आणि रेक्झिनला फुगे येतात.

कुठल्याही प्रकारात एक गोष्ट राहून जाते. धुलाई केंद्रावर डॅश चमकवायला जो स्प्रे मारतात त्यात बऱ्याचदा सिलिकॉन असतं. त्याच्यावर रंग बसत नाही, गोल गोल खड्डे पडतात, आणि गोंदही धरत नाही. आधी साबणाच्या पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा आणि त्यानंतरच पाण्याचा पॉलिश पेपर मारा. थिनरने पुसू नका, त्याने एबीएस विरघळतं. रंग काळा आणि मॅटच घ्या. चकचकीत डॅशचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि समोरून हेडलाइट आला की रस्ता दिसत नाही. पीपी असेल तर रंगाआधी प्लास्टिक प्रायमर लागतोच. रंगकाम पावसात काढू नका, दमट हवेत वर पांढरट झाक येते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस चांगले, आणि आंब्याच्या धावपळीआधी गाडी मोकळीही असते.

परत बसवताना मधला स्क्रू घट्ट, कडेचे फक्त टेकतील इतके. कडेची भोकं गोल झाली असतील तर कानसीने लांबट करा, खाली रुंद वॉशर टाका. स्क्रू आणि क्लिपा स्टेनलेसच्या घ्या, लोखंडी दोन पावसाळ्यांत भोकातच गंजतात. गणपतीची मूर्ती बसवायची तर बसवा, पण स्क्रूसाठी नवं भोक पाडू नका आणि उदबत्ती डॅशवर लावू नका. वर मॅट टाकणार असाल तर काचेखालची हवेची फट मोकळी ठेवून कापा. ती बुजली की आंबा घाटात पावसात काच आतून धुरकट होते आणि मग एका हाताने फडका मारत गाडी चालवायची वेळ येते. उभी करताना काचेला आतून पडदा लावा, खिडकी बोटभर उघडी ठेवा. सावली शोधताना माडाखाली मात्र नको, डॅश वाचेल आणि काच जाईल.

बदलण्याबद्दल: तडा एकच असेल आणि बसवायचे कान शाबूत असतील तर मी दुरुस्तच करीन, मालाच्या गाडीला तेवढं पुरतं. कान तुटलेले असतील, तडे तीन-चार दिशांनी गेले असतील, तर कुर्ल्याच्या भंगार बाजारात बघा. जाताना मीटरच्या खाचेचा आणि मागच्या ब्रॅकेटचा फोटो न्या, कारण एकाच मॉडेलमध्येही वर्षागणिक फरक असतो. वरची चमक बघू नका, उलटा करून कान मोजा. एखादा चिकटवलेला दिसला तर तो डॅश तिथेच ठेवा.