लेकीची मॅच आणि माझी पाठ

प्रश्न : ताई, माझी मुलगी १४ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे, बोचिया खेळते, म्हणजे पांढऱ्या चेंडूच्या जितकं जवळ जाईल तितके आपले चेंडू टाकायचे तो खेळ. हाताने चेंडू टाकता येत नाही म्हणून बीसी३ गटात आहे, डोक्याला बांधलेल्या पॉइंटरने (काठीने) रॅम्पवरून, म्हणजे छोट्या घसरगुंडीवरून, चेंडू सोडते आणि रॅम्प धरायला मी. नियम असा की रॅम्प धरणाऱ्याने कोर्टकडे पाठ करून बसायचं, वळून बघायचं नाही, आपणहून काही सुचवायचं नाही. तीन वर्षं झाली, तिचा एकही शॉट मी बघितलेला नाही, फक्त तिचा चेहरा बघते. मागच्या मॅचला शेवटच्या एंडला (फेरीला) लोक एकदम ओरडले आणि माझी मान वळली, क्षणभरच, पण पेनल्टी बसली आणि मॅच गेली. ती दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. नवरा म्हणतो तू सोड, मी बसतो. सोडू का?

उत्तर : मान वळली यात अपराध वाटून घेऊ नका, आई आहात तुम्ही, आणि मागे तुमचंच पोर खेळत होतं. पण सोडायचं की नाही हे तुम्ही दोघांनी परस्पर ठरवू नका हो, रॅम्पवर कोण हवं ते तिला विचारा. त्या खेळात डोकं तिचंच चालतं ना, पांढरा जॅक (ज्याच्या जवळ जायचं तो चेंडू) कुठे पडलाय, आपले ६ चेंडू कसे वापरायचे, रॅम्प किती डावीकडे घ्यायचा, सगळं ती ठरवते आणि तुम्ही फक्त तिचे हात असता. तो पाठ करून बसायचा नियम त्यासाठीच तर आहे.

आणि दोन दिवस बोलली नाही त्याने खचू नका. खेळाडू चिडतो तो टीममेटवर, आईवर चिडणं वेगळं असतं, आणि मला तर वाटतं तिने तुम्हाला टीममध्ये धरलंय.

आईवडिलांनी रॅम्प धरणं काही कमीपणाचं नाही. ब्रिटनचा स्कॉट मॅककॉवन पॅरालिम्पिकपर्यंत खेळला, त्याचा रॅम्प धरायला त्याचे वडीलच होते. पण तिला बदल हवा असेल तर मनाला लावून न घेता द्या, वय १४ आहे, उद्या प्रवासात, कॅम्पला तुमच्याशिवायही जायला लागेल तिला. आत्तापासूनच प्रॅक्टिसला आठवड्यातून एकदा दुसऱ्या कुणालातरी बसवा, नवरा चालेल, क्लबमधलं कुणी असेल तर अजून बरं, म्हणजे तिला नव्या माणसाला नेमक्या सूचना द्यायची सवय होईल आणि तुम्हाला समोर खुर्ची टाकून बसता येईल. बघा एकदा पोटभर, तीन वर्षांची भूक आहे ती.

तिने तुम्हालाच निवडलं तर मात्र प्रॅक्टिसला मुद्दाम मागे आरडाओरडा करायला लावा, मान न हलवायची पण प्रॅक्टिस लागतेच.

मॅचचे व्हिडिओ असतील कुणाकडे तर मागून घ्या, तिच्या शेजारी बसून बघा आणि कुठला शॉट का घेतला ते तिला सांगू दे. तो शेवटचा एंडसुद्धा.