लिलावाच्या जाहिरातीत आधी काय वाचावे

प्रिय मित्रा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बँकेच्या लिलावातील सदनिकेची जाहिरात पाठवताना 'बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त' असे तू लिहिले आहेस. ती स्वस्त का, याचे उत्तर त्याच जाहिरातीत बारीक अक्षरांत छापले आहे: ताबा सांकेतिक. म्हणजे बँकेने २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जापोटी तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणारा कायदा) दारावर नोटीस चिकटवली आहे, परंतु घरात कोणीतरी अजून राहत असण्याचा संभव आहे. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला बहुधा कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते आणि त्यात महिने जाऊ शकतात. मी एकदा अशा दारापुढे उभा होतो. कुलूप होते, नोटीस पिवळी पडली होती, पण कडीला त्याच सकाळची दुधाची पिशवी लटकत होती. तुझी ही पहिलीच खरेदी असल्याने प्रत्यक्ष ताबा असलेली मालमत्ताच पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

विक्री 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर असते, त्यामुळे मागील थकबाकी तुझ्या गळ्यात पडू शकते. जुन्या मालकाच्या वीजबिलाची थकबाकी, नियमांत तशी तरतूद असल्यास, नव्या मालकाकडून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे. गृहनिर्माण संस्थेची थकबाकी मी पहिल्या वेळी सचिवांकडून तोंडीच विचारून घेतली होती. व्याजासह आलेला खरा आकडा मग मलाच भरावा लागला. तू तो लेखी घे. मालकीहक्काचा शोध अहवाल, तसेच कर्जवसुली न्यायाधिकरणात दावा प्रलंबित आहे का याची चौकशी, वकिलावर सोपव.

आता पैशांचे. समजा राखीव किंमत, म्हणजे बोली जिथून सुरू होते ती किंमत, ४० लाख आहे आणि बयाणा १० टक्के, म्हणजे ४ लाख. तुझी ४६ लाखांची बोली मान्य झाली, तर बयाण्यासह २५ टक्के, म्हणजे साडेअकरा लाख, त्याच दिवशी किंवा फार तर पुढील कामकाजाच्या दिवशी भरावे लागतात. म्हणजे आणखी साडेसात लाख हाताशी हवेत. उरलेले साडेचौतीस लाख विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत द्यायचे असतात. बँकेने लेखी मान्य केल्यास मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही, आणि रक्कम चुकली तर भरलेले पैसे जप्त होतात. गृहकर्ज इतक्या घाईत हाती पडेलच असे नसते, म्हणून कर्ज देणाऱ्या बँकेशी बोलणे बोलीच्या आधीच झालेले असावे. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दुरुस्तीचा खर्च निराळा धर.

वकिलाचा अहवाल आणि संस्थेचे पत्र मला दाखव. कमाल बोलीचा आकडा आपण त्यानंतर कागदावर मांडू. तोवर बयाणा भरू नकोस.

तुझा शुभचिंतक