रक्त पातळ करणारी गोळी नुकतीच सुरू झालीय? आधी एवढंच सांभाळा

दादा, हृदयाची झडप बदलल्यावर वॉरफरिन किंवा असिट्रॉम सुरू झालं की सगळेच घाबरतात. सवय होते. आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ताची चाचणी) मात्र चुकवायची नाही. तुमचा आकडा किती हवा ते डॉक्टर ठरवतील. शेजारच्या काकांचा २ ते ३ आहे म्हणून तुमचाही तेवढाच, असं नसतं.

नवीन लोक हमखास करतात त्या चुका:

- गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणणं. माझ्या मते हीच सर्वांत वाईट. या गोळ्या जठराच्या अस्तराला इजा करतात आणि तिथला रक्तस्राव बाहेर दिसत नाही. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं तर लगेच दवाखाना गाठा. (लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, पण ते घरबसल्या ठरवू नका.)
- विसरलेली गोळी भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन घेणं.
- पालक, मेथी एकदम बंद करणं. खा की! फक्त प्रमाण साधारण सारखं ठेवा.
- दात काढताना किंवा अँटिबायोटिक लिहून घेताना या गोळीबद्दल न सांगणं.

डोक्याला मार लागला तर जखम दिसो न दिसो, थेट हॉस्पिटल. मेंदूतल्या रक्तस्रावाची लक्षणं काही तासांनीही सुरू होऊ शकतात.

आणि हिरडीतून जरा रक्त आलं म्हणून स्वतःहून गोळी थांबवू नका, कृत्रिम झडपेवर गुठळी धरू शकते. डॉक्टरांना फोन करा. डोस कमी-जास्त करण्याचं गणित सध्या त्यांच्यावरच सोडा.